खांबापर्यंतची बावीस पावलं

१० जानेवारी

चि. मुंगळ्यास, अ. उ. आ.

दुकानातलं लांब टेबल मी केलं. भिंतीवर टांगलेले, बूट बेतायचे एकशे चाळीस लाकडी पाय मी कोरले, प्रत्येक पाय एकेका गिऱ्हाइकाच्या मापाचा. मागचा पडदा मी शिवला, कापड दुहेरी, म्हणजे मागून उजेड आला तरी आतल्या माणसाची सावली उमटू नये. दारातला कठडा मी बसवला, तीन उंचींचा, कारण कठडा धरणारे सगळे सारख्या उंचीचे नसतात. दाराबाहेरचा दगडी ओटाही मीच बांधला. ज्यावर उभं राहून तू चित्रण केलंस तो हाच. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. आणि ज्या एक मिनिट चाळीस सेकंदांवर माझं नाव झळकतंय, तेवढं मात्र मी केलेलं नाही.

हे फोनवर बोललो असतो तर तू दर वाक्याला काका ऐका तर, काका ऐका तर केलं असतंस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

परवा शेजारच्या शिंप्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाला, मास्तर, तुम्ही तर हिरो झालात. मी पाहिलं. आधी ग्रंथालयातल्या बाई जुन्या बुटात दुकानाकडे येताहेत, दर पावलाला डावीकडे कलताहेत, आणि तू ते संथ करून त्याखाली रडकं व्हायोलिन लावलंयस. मग माझे तांबडे बूट. मग त्या खांबापर्यंत सरळ जातात, खांबाला हात लावून उभ्या राहतात आणि रडतात. तिथे तुझं संगीत बदलतं, ढोल वाजतो, आणि वर अक्षरं येतात, काकांच्या हातची जादू. जादू! दहा सूत जाडीचा बुचाचा थर, म्हणजे सव्वा इंच, तो मी सात वेळा घासून बसवला. सातव्या वेळी नखाएवढा घासला. याला जादू म्हणतोस?

चाचणीची रीत तुला ठाऊक आहे. नवे बूट चढवून गिऱ्हाईक दारातून दिव्याच्या खांबापर्यंत जातं, बावीस पावलं, आणि परत येतं. तेवढा वेळ मी रस्त्याकडे पाठ करून डोळे मिटून बसतो. दोन्ही पावलांचा आवाज एकसारखा आला की बूट झाला. बघत नाही, कारण कुणी पायाकडे बघतंय हे कळलं की माणूस खोटं चालतो. त्या दिवशी खांबाशी आवाज थांबला. मला वाटलं, टाच चाचपून बघताहेत. माझी पाठ होती, म्हणून ओट्यावर तू काय करतोयस ते दिसलं नाही, एवढी चूक माझ्या पदरात घाल. त्या रडल्या हे मला सहा आठवड्यांनी शिंप्याच्या मोबाइलवर कळलं. तीस वर्षं जे मी मुद्दाम बघितलं नाही ते तू मला बघायला लावलंस, आणि माझ्याबरोबर आणखी अठ्ठावीस लाख लोकांना.

काल बूट परत आले. माझ्याच खोक्यात, नाड्या नीट बांधलेल्या, तळवे ओल्या फडक्याने पुसलेले. चिठ्ठी नाही. म्हणजे बाई पुन्हा त्या जुन्या बुटात गेल्या, ज्याने त्यांची कंबर रोज दुखते.

ते चित्रण काढून टाक. विचार करून सांगतो वगैरे नको.

लोभ आहे, पण सध्या त्यावर राग बसलाय.

काका

१६ जानेवारी

ती. काकांस, सा. न. वि. वि.

पाकीट आधी आईच्या हातात पडलं. तिने दोन दिवस ते डब्यांच्या मागे ठेवलं आणि मग चिमट्यात धरल्यासारखं आणून दिलं. वाचलं. दोनदा वाचलं. दगडी ओट्याचा उल्लेख विशेष आवडला. ओटा बांधल्याबद्दल आभारी आहे, कोन छान मिळाला.

काका, तो रस्ता आहे. तुमची खोली नाही. पडद्यामागे मी गेलो नाही, दारातसुद्धा आलो नाही. समोरच्या औषधांच्या दुकानावर कॅमेरा आहे, चौकात आहे, बँकेच्या दारावर दोन आहेत. बाई रोज त्या चारही कॅमेऱ्यांतून जातात. त्यांना कुणी विचारलं? तुम्ही त्या कॅमेरेवाल्यांना पत्रं लिहिलीत? बाईंचा चेहरा माझ्या चित्रणात चार सेकंद आहे. मी मोजलेत, मीही तुमच्याच घरातला आहे.

आणि त्याखाली लोकांनी काय लिहिलंय ते शिंप्याने दाखवलं नसणार. अकरा जणांनी तुमचा पत्ता मागितलाय. एका आईने लिहिलंय की तिची मुलगी नऊ वर्षांची आहे आणि शाळेत खेळाच्या तासाला वर्गात बसून राहते. हे काढून टाकलं तर तिला तुम्ही कसे सापडणार? तुमच्या दुकानावर तर पाटीसुद्धा नाही.

आता मुख्य मुद्दा. विचारून चित्रण केलं असतं तर बाई चेहरा सावरून, चाल सावरून चालल्या असत्या. रडल्या नसत्या. कळलं की माणूस खोटं चालतो, हे तुमचंच वाक्य. दोन वर्षं तुमच्याकडे राहून कॉलेज केलं, तेव्हा दर रविवारी तुमच्याबरोबर बसस्टॉपच्या बाकावर कोण बसायचं? तुम्ही वर्तमानपत्र उघडून धरायचात आणि त्याच्या आड वहीत लोकांच्या पायांची चित्रं काढायचात. कोण कुठे कलतो, कुणाची टाच बाहेरून झिजते. अकरा वह्या. कुणाला विचारलं होतंत? कुणी शिकवलं नाही म्हणता, तर त्या सगळ्यांनी शिकवलं, आणि त्यांना माहीतही नाही. माझा मोबाइल निदान हातात उघडा तरी होता. तुमच्याकडे वर्तमानपत्र होतं.

चित्रण काढणार नाही.

लोभ आटला तरी चालेल, वाटीभर राखून ठेवावा.

मुंगळा

२० जानेवारी

भावोजींना स. न. वि. वि.

तुमचं पत्र मी वाचलं, त्याचं उत्तरही त्याने टाकायच्या आधी वाचलं. लाज वाटत नाही. तुमच्या दादांना दोन्ही वाचून दाखवली. त्यांनी ऐकलं आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. कुंड्यांना सकाळीच पाणी घातलं होतं.

तुम्ही हाताने केलेल्या वस्तूंची यादी कुणी न मागता वाचून दाखवता. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ऐकतेय, त्या यादीत तेव्हा फक्त टेबल होतं. माझ्या मुलाने तीन नोकऱ्या सोडल्या, तेव्हा त्याचे हात कशातच रमत नाहीत असं तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणालात. आता पहिल्यांदा त्याने एक काहीतरी पुरं केलं, लोकांनी वाहवा केली, त्यावर तुमचं हे असं पत्र. कौतुकाचा एक शब्द घातला असतात तर शाई संपली नसती.

हे झालं त्याच्या आईचं म्हणणं. माझं म्हणाल तर बाईंचं रडणं मी दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा लावलं आणि बंद केलं. आपण कुणाच्या तरी न्हाणीच्या दाराला डोळा लावलाय असं वाटलं. हे त्याला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका, सांगायचं झालं तर मी सांगेन.

राग धरा हवा तर, येणंजाणं सोडू नका.

वहिनी

२७ जानेवारी

चि. मुंगळ्यास, अ. उ. आ.

मी ग्रंथालयात जाऊन आलो. बाई देवघेवीच्या टेबलामागे बसतात, एकोणीस वर्षं तिथेच. माझ्यापुढे कॉलेजची तीन पोरं होती. त्यांनी पुस्तक मागितलं नाही. एकाने विचारलं की तुम्हीच ना त्या बूटवाल्या, आणि दुसऱ्याने एकदा उठून चालून दाखवा ना म्हणून मोबाइल वर धरला. बाईंनी त्यांच्यापुढे वाचनालयाची नियमावली सरकवली. ती पोरं हसत गेली.

मला त्या म्हणाल्या, एकोणीस वर्षं या टेबलावर मला लोकांनी पुस्तकं मागितली. आता पाय मागतात. मुख्य ग्रंथपालांनी वार्षिक समारंभात दहा मिनिटं बोला म्हणून गळ घातलीय, विषय जिद्द. तांबडे बूट परत का केले हे विचारायला मी तोंड उघडलं, तर त्यांनीच सांगितलं की ते बूट आता रस्त्यावर कुणीही ओळखतं, जुने चारचौघांसारखे आहेत, ते कुणी ओळखत नाही. बूट घेतले होते ते चाल सरळ होऊन पायांकडे कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. पुतण्या तुमचाच का, असंही विचारलं. मी हो म्हणालो. आवाज बारीक आला.

आता तुझ्या मुख्य मुद्द्याचं. पत्र वाचून मी कात्री भिंतीवर फेकली, शिंपी धावत आला. मग तुला खोडून काढायचं म्हणून वह्या काढल्या. चेहरा नाही, नाव नाही, वह्या पेटीबाहेर कधी गेल्या नाहीत, लाखो लोकांपुढे तर नाहीतच, असं उत्तर मनात तयार होतं. ते खरंही आहे. पण चौथ्या वहीच्या एकसष्टाव्या पानावर डावा पाय दहा सूत आखूड, खांदा उजवा वर, कापडी पिशवी मुद्दाम उजव्या हातात. चौदा वर्षांपूर्वीचं चित्र. बाईच आहेत. चेहरा काढलेला नाही तरी मी तत्काळ ओळखलं, तर बिनचेहऱ्याचं ते समर्थन कुठे उरलं?

म्हणजे गेल्या वर्षी त्या पहिल्यांदा दुकानात आल्या आणि मी माप घ्यायच्या आधीच दहा सूत म्हणालो, त्या थक्क झाल्या आणि मी मिशीत हसलो, ती हुशारी नव्हती.

तू मला पकडलंस. त्याने तू सुटत नाहीस. मी माझं पान घेऊन त्यांच्याकडे जातो. तू तुझं चित्रण काढ.

लोभाचा हिशेब दोघांचाही उघडा आहे.

काका

४ फेब्रुवारी

ती. काकांस, सा. न. वि. वि.

काढलं. तुमच्या पत्राने काढलं असं समजू नका. आईने माझ्यासमोर बसून ते पुन्हा एकदा लावलं आणि बाई खांबाशी पोचल्यावर मान फिरवली. माझी आई, जी मालिकेतलं रडणं पाहताना जेवण विसरते.

पण काढून फार काही झालेलं नाही. लोकांनी ते उतरवून आपापल्या नावाने टाकलंय. मी चारशेवर मोजले, मग सोडलं. एकाने तर ढोलाच्या जागी हशा लावलाय, खांबाशी बाई थांबतात तिथे. तो पाहून मी मोबाइल उपडा ठेवला. मी काय सोडलंय ते तेव्हा कळलं. परत बोलावता येत नाही, काका.

नऊ वर्षांच्या मुलीच्या आईला तुमचा पत्ता कळवलाय. तेवढं रागावू नका.

सोबत एका बूट कंपनीचं पत्र आहे. त्यांनी चित्रण आधी पाहिलं होतं. तुमची बारा गिऱ्हाइकं, बारा चाचण्या, आधी सगळ्यांची लेखी संमती, त्यांना वेगळा मोबदला. यात चोरी नाही. करार तुमच्या नावाचा, चित्रण मी करायचं. नीट वाचा, मग कात्री फेका.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

मुंगळा

१९ फेब्रुवारी

चि. मुंगळ्यास, अ. उ. आ.

बाईंसाठी नवा जोड केला. काळा, बिनचमकीचा, दुकानात शंभरात शंभर दिसतात तसा. बूच आतून चढवलं, बाहेरून टाच साधी दिसते. अशी टाच मी आजवर केली नव्हती, तीन वाया गेल्या. माझी सगळ्यात चांगली कारागिरी ही, आणि ती कुणाला दिसू नये एवढ्यासाठीच केलेली.

ग्रंथालय बंद व्हायच्या वेळेला गेलो. बूट ठेवले, शेजारी एकसष्टावं पान ठेवलं आणि सगळं सांगितलं. बसस्टॉप, वर्तमानपत्र, चौदा वर्षं. वाटलं होतं, कबुलीने त्या निवळतील. कसल्या निवळताहेत! त्या म्हणाल्या, म्हणजे तुम्हीही. मग म्हणाल्या, पुतण्याने एकदा पाहिलं, तुम्ही तर चौदा वर्षांपूर्वीच पाहून ठेवलंत, आणि मी तुमच्या दुकानात अशी आले की निदान इथे तरी कुणी बघणार नाही. मी म्हणालो, दुकानात कधी बघितलं नाही. त्या म्हणाल्या, गरज काय होती, बघून झालं होतं. त्यांनी पान न बघता चौघडी करून पिशवीत टाकलं, बूट टेबलावरच राहू द्या म्हणाल्या आणि मला दार दाखवलं.

बसस्टॉपवर बसणं बंद केलंय. उरलेल्या वह्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही. जाळणं सोपं आहे, पण त्यातून शिकलेलं बोटांतून थोडंच जळणार.

आज सकाळी दुकान नुकतं उघडलं होतं. भिंतीकडे तोंड करून मी त्या नऊ वर्षांच्या मुलीचा लाकडी पाय तासत होतो. तिला आईने परवा आणलं होतं, बोलकी आहे, मला बूटआजोबा म्हणते. मागे, रस्त्यावर, दाराशी पावलं थांबली. आत कुणी आलं नाही. मग निघाली. खांबाकडे. मी रंधा थांबवला. बावीस. खांबाशी थांबली नाहीत, तशीच पुढे गेली, डावं उजवं एकसारखं, एका वजनाचं. बुचावरच्या टाचेचा आवाज मला कळतो. कोण होतं ते मला माहीत नाही, कारण मी वळून पाहिलं नाही.

तुझे हात कशात रमत नाहीत असं मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, ते मागे घेतो. सगळ्यांसमोर घेईन. पुढच्या महिन्यात ये. मोबाइल वहिनींकडे ठेवून ये. दारातल्यासारखा कठडा दिव्याच्या खांबापाशीही लावायचाय आणि मला एकट्याला वाकवत नाही.

भांडण संपलेलं नाही, तरी लोभ वाढतो आहे असं धरून चाल.

काका

ता. क. कंपनीचा माणूस काल येऊन गेला. संमतीचे बारा कोरे कागद बरोबर घेऊन आला होता. मी त्याला सांगितलं, न विचारता घेतलं तर ती चोरी, आणि विचारून घेतलं तर माणूस खांबापर्यंत खोटं चालणार, मग माझा बूट कशावर पारखू? त्याला वाटलं मी भाव वाढवतोय, म्हणून त्याने आकडा वाढवला. बारा माणसं, माणशी दोन लाख. मी नाही म्हणालो. चोवीस लाखांना.