नळीतल्या काळ्या सुया

८ सप्टेंबर, सोमवार
संध्याकाळी शलाका आली. माझ्या नीलाची शेवटची विद्यार्थिनी. उलव्याहून थेट, न कळवता. दारातच म्हणाली, "काका, चहा नको. आधी हे बघा."
काचेची छोटी नळी, बूच लावलेली. आत चिमूटभर काळ्या सुया, म्हणजे सुईसारखे स्फटिक. चिठ्ठीवर नी.चं अक्षर.
या सुयांत एकही धातू नाही, तरी त्यांतून वीज वाहते. नी.ने आयुष्यभर असलेच पदार्थ बनवले, एवढं मला ठाऊक होतं. नवीन ते हे: श.ने या सुया मोजल्या, तर त्या चुंबकही निघाल्या. साध्या तापमानाला. अगदी अशक्त, पण चुंबक.
"दुसऱ्या कुणी दाखवलं असतं तर मी हसले असते, काका."
मी एवढंच विचारलं, "लोखंड?"
बुचावर बोट ठेवून म्हणाली, "त्याचंच टेन्शन आहे."

९ सप्टेंबर, मंगळवार
कालचं नीट लिहून ठेवतो. डोळ्यांना न दिसणारा लोखंडाचा कण नळीत गेला, तरी मोजमाप असंच येतं. खात्री करायची तर सुया आम्लात विरघळवून लोखंड शोधायचं. सुया इतक्या थोड्या की सगळ्याच लागतील.
श.ने तशाच सुया पुन्हा बनवून पाहिल्या. सुया येतात, चुंबकत्व येत नाही. म्हणजे एक तर नी.च्या हाताला काहीतरी साधलं होतं, नाहीतर तिच्या नळीत घाण गेली.
श.ला माझा होकार हवा. लॅब माझी नाही, तरी. "तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी नाही करणार."
नको म्हणालो. नळी ठेवून घेतली. देवघरात.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
नी.च्या शोकसभेच्या वेळी सोसायटीच्या फळ्यावर मी लिहिलं होतं, 'सेंद्रिय वाहकांवर संशोधन'. सेक्रेटरी घरत बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, वहिनी कॉलेजात होत्या ना? मग बसवर कधी होत्या?"
वाहक म्हणजे कंडक्टर. आणि सेंद्रिय म्हणजे रासायनिक खत न घातलेला.
तेव्हा हसू आलं नव्हतं. आज नळी बघताना आलं. नी.ला सांगायला हवं होतं.

१४ सप्टेंबर, रविवार
लोखंड आलंच असेल तर कुठून?
गेल्या खंडेनवमीला नी. ही नळी घरी घेऊन आली होती. दरवर्षी लॅबमधलं काहीतरी आणायची. पाटावर माझा जुना तराजू, विळी आणि तिची वस्तू. मी म्हणालो, "तुझा तर देवावर विश्वास नाही." "देवावर नाही हो. विळीवर आहे."
बुचावर कुंकवाचा ठिपका अजून आहे. देवघरातलं कुंकू कागदावर घेतलं, खालून चुंबक फिरवला. ढिम्म. हळद, तीही ढिम्म.
मग खिडकीच्या ग्रिलवरची धूळ घेतली. चुंबक फिरवताच धुळीचे काळे केस उभे राहिले! समोर सानपाड्याची कारशेड. रुळांची, ब्रेकची झीज असणार. इतकी वर्षं आम्ही ही पुसतोय, आणि मी एकदाही चुंबक धरला नाही.
दुसऱ्या खिडक्याही पाहिल्या. मागच्या बाजूला कमी.
घरत खालून ओरडले, "साहेब, काय हरवलं का?"
"शोधतोय."
"काय?"
"लोखंड."
"मंग जुना गेट पडलाय ना खाली, न्या तो!"
नी.ने नळी घरी उघडली होती का? आठवत नाही. उघडली असेल तर याच खिडकीत. उजेड इथेच असतो.

१८ सप्टेंबर, गुरुवार
श.ला फोन. सुया उचलायचा चिमटा कसला होता? "टेफ्लॉनचा. मॅडम स्टील जवळ आणू द्यायच्या नाहीत." म्हणजे लॅबमधून नसावं. नसावं.
औषध कंपनीत माझं सगळं आयुष्य क्यूसीत, म्हणजे माल तपासण्यात, गेलं. नी. टोमणा मारायची, "आमटीसुद्धा तुमच्याकडून पास करून घ्यावी लागते." शंका असली की बॅच होल्डवर. पण होल्डवर म्हणजे तपासणी होईपर्यंत. होल्डवरची बॅच कुणी देवघरात ठेवत नाही.
नी. असती तर आठ तारखेलाच विरघळवून मोकळी झाली असती.

२२ सप्टेंबर, सोमवार
घटस्थापना. श.ला हो सांगितलं. नळी मीच घेऊन येतो म्हणालो.
तीच घाबरली. "लोखंड निघालं तर मॅडमचं शेवटचं काम म्हणजे नुसती धूळ ठरेल, काका."
"नाही निघालं तर?"
"तर खरं. पण दाखवायला सुया नसतील. मला तर परत जमत नाहीयेत, म्हणजे दोन्हीकडून..."


२५ सप्टेंबर, गुरुवार
लॅब. नी.चा ॲप्रन अजून खुंटीला. बुचाभोवतीचं कुंकू आधी पुसून काढलं, मग बूच काढलं. नळी मी आम्लात उलटी केली.
लगेच विरघळल्या नाहीत. तरंगत राहिल्या. मग कडेने हिरवट रंग सुटला, मग सगळं तपकिरी. हा हिरवा कशाचा, विचारलं. श.ने समजावलं. अर्धं कळलं. पुन्हा विचारणार आहे.
"काका, तुम्हाला काय निघावं असं वाटतं?"
जे असेल ते, असं म्हणणार होतो. तसं वाटत नव्हतं.
"चुंबक."
"मलापण."
द्रावण तपासणीला गेलं. रिकामी नळी मागून घेतली.

१ ऑक्टोबर, बुधवार
खंडेनवमी. पाट मांडला. तराजू, विळी, नळी. झेंडू घरतांनी आणून दिला.
कुंकू लावताना दिसलं. नळीच्या तोंडाशी, आतून, एक सुई चिकटून राहिली आहे.
बाहेरून चुंबक नेला. हलल्यासारखी वाटली. पण नळीला बूच नव्हतं आणि वर पंखा चालू होता. 
श.चा मेसेज येऊन पडलाय. 'काका, रिपोर्ट आला. फोन करा.'
करतो. पंखा बंद केला आहे, खिडकीही लावली. आधी पुन्हा एकदा धरून बघतो.