गुलाबाईचा खाऊ

७ सप्टेंबर

आम्हा खानदेशींची गुलाबाई बसली! गल्लीतल्या पोरी पाच, त्यातल्या तिघींचे डोळे मोबाईलमध्ये. आमची हर्षदा म्हणते, "मम्मी, आ शुं छे? मला गरब्याच्या प्रॅक्टिसला जाऊ दे ना." जा बाई. महिनाभर गाणी म्हणायला आम्ही म्हाताऱ्या आहोतच.

पण शेवटच्या दिवशी, कोजागिरीला, सगळ्या येतात. खाऊ ओळखायला. सुरतेत, नवागामच्या आमच्या गल्लीत त्याचा नियम फार कडक. डबा बंद. हलवून बघायचा आणि तीन अंदाजांत ओळखायचा. ओळखला, तर करणारीनेच पुढच्या वर्षी पुन्हा खाऊ करायचा. नाही ओळखला, तर हरणारीने करायचा. ओळखायला बसतात एकाच जिन्यावर समोर राहणाऱ्या प्रमिलाबाई, म्हणून अकरा वर्षं खाऊ माझ्याच गळ्यात! अनारसे करा, कोथिंबीरवडी करा – डबा कानाशी धरतात, दोनदा हलवतात, सांगून मोकळ्या. तीस वर्षं यंत्रमागाच्या खात्यात बॉबीन भरली त्यांनी. संचांच्या खडखडाटात अर्धी गल्ली बहिरी झाली, यांचे कान मात्र शाबूत.

यंदा हरवणार. लिहून ठेवते.

११ सप्टेंबर

सामाईक गच्चीवर रंगाच्या नऊ रिकाम्या बादल्यांत माझी बाग. गिलक्याचा वेल माझ्या बादलीतला, पण गिलकी लागतात प्रमिलाबाईंच्या कठड्यावर. "वेल तुझा, कठडा माझा, म्हणून निम्मी माझी" – हा त्यांचा कायदा. सकाळी दोन नेली. मी बघत होते तर वर मलाच, "मोजी राह्यनी का?"

वेल लावायला त्यांनीच शिकवलं, हे मान्य. लग्न होऊन आले तेव्हा कुंडीत बादलीभर पाणी ओतायचे. शेतकऱ्याची लेक असून! तेव्हा म्हणाल्या होत्या, "झाड शे ते, म्हैस नही."

१४ सप्टेंबर

यांना सुट्टी, म्हणून डुमसला गेलो. समुद्र लांब गेलेला, चिखल जवळ आलेला. आमचे सुकदेवराव म्हणाले, "बघ, किती निवांत आहे!" – आणि हे संचावर असल्यासारखं ओरडून. चार जणांनी मागे वळून पाहिलं.

टमाट्याची भजी खाल्ली. खाता खाता डोक्यात आलं – टमाटा तळता येतो, तर गिलक्याची फुलं का नाही? पिवळी, मऊ. डब्यात आवाजच व्हायचा नाही! मी एकटीच हसले. हे म्हणाले, "तिखट लागलं का?"

१५ सप्टेंबर

फुलांना कोणी हात लावायचा नाही, असा घरात दम दिला. घरात कोणी लावतही नव्हतं म्हणा.

२३ सप्टेंबर

सहा फुलं तळून पाहिली. हलकी, कुरकुरीत, तोंडात टाकली की संपली! कागद घालून डब्यात ठेवली, हलवला – चूप. जिन्यात प्रमिलाबाई भेटल्याच. "काय तळी राह्यनी?"

"पापड."

नवरात्रात खोटं बोलले. देवी समजून घेईल, तिलाही शेजारीण असेलच.

२८ सप्टेंबर

शहराबाहेर कामरेजला जाऊन आले. प्रमिलाबाईंच्या मुलाने, भूपेंद्रने, फ्लॅट घेतलाय. मला वाटलं, भाड्याने द्यायला असेल. तर स्वयंपाकघर दाखवता दाखवता तो म्हणाला, "मावशी, कोजागिरी झाली की आम्ही इकडेच." प्रमिलाबाई गॅलरीत उभ्या होत्या. दोन हात लांब गॅलरी, वरून जाळी.

मी म्हटलं, "छान आहे. दोन कुंड्या मावतील."

त्या म्हणाल्या, "दीड."

मला रागच आलाय. सव्वीस वर्षं समोरासमोर राहिलो! माझी गिलकी न्यायला येतात, हे सांगायला येता आलं नाही?

२ ऑक्टोबर

दसरा. मी सोनं द्यायला गेले नाही, तर त्याच आल्या. "रुसनी का?" मी म्हटलं, कामं पडलीत. पानं हातात ठेवून गेल्या. मग गच्चीवर जाऊन रडले. ही बाई गेल्यावर मी भांडू कोणाशी?

५ ऑक्टोबर

ठरलं. फुलं तोडायची नाहीत. शेवटचं वर्ष आहे, जिंकू दे म्हातारीला. डब्यात भाजलेले शेंगदाणे भरणार. बारा वर्षं जिंकले म्हणून कामरेजला मिरवेल, मिरवू दे. यांना सांगितलं तर म्हणाले, "तू आणि मुद्दाम हरणार? तब्येत बरी आहे ना?"

कोजागिरी

गच्चीवर चंद्र, दूध, गाणी. हर्षदासुद्धा होती. डबा दिला. शेंगदाणे असे खडखडले की सुकदेवरावांनाही ऐकू गेलं! प्रमिलाबाईंनी डबा कानाशी धरला, डोळे मिटले.

"पेढा."

पोरी फिदीफिदी हसल्या.

"लाडू."

मी म्हटलं, "अहो, नीट हलवा!"

"हलवते ना." पुन्हा खडखड. "बासुंदी."

डब्यात बासुंदी!

"हारनू माय," म्हणाल्या, आणि डबा उघडून शेंगदाणे खायला लागल्या. गल्लीने टाळ्या वाजवल्या. अकरा वर्षांनी मी जिंकले – आणि असा संताप आला! मी कधी नव्हे तो मोठेपणा करायला निघाले, तर ही बाई चारचौघांत माझी मस्करी करते. दूधही धड गेलं नाही.

चंदी पडवा

कोजागिरीपाठोपाठचा सण, अख्खं सुरत फूटपाथवर माव्याची घारी खायला. आमचीही दोन्ही घरं चटया घेऊन गेली. प्रमिलाबाईंनी भुसू, घारीबरोबरचं फरसाण, माझ्यापुढे सरकवलं. मी घारीत डोकं घालून बसले. हे म्हणाले, "जिंकलेलं माणूस असं बसतं?" तीन घाऱ्या खाल्ल्या, रागात.

१२ ऑक्टोबर

प्रमिलाबाईंचा टेम्पो भरला. मी पिशवीभर गिलकी दिली. टेम्पो निघाला तशी प्रमिलाबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि पार शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं ओरडल्या –

"पुढला वरीसले खाऊ मनाकडे शे! हारेल शे मी, येनंच पडी!"