कैद्याचा कान

दुसरा महिना, दिवस ४

चिनछुआनच्या लढाईच्या चित्रांतला शेवटचा तांब्याचा पत्रा कोरायला माझ्या वाट्याला आला. बुरुज, शिड्या, तोफा बाकीच्यांनी आधीच पळवल्या! मला विजयाचा दरबार — वर सज्जात बादशहा, खाली दरवाजासमोर गुडघे टेकलेले कैदी. मुकादम थोंग म्हणाला, तुझा हात बारीक, चेहरे तूच कर. कौतुक कसलं! चेहरे कोणालाच नको असतात.

दिवस ९

वीस वर्षं पुस्तकांचे लाकडी ठसे कोरले, तांबं चार वर्षं. उलटं अक्षर मी सुलट्यासारखं भराभर वाचतो. आई म्हणते, म्हणूनच हा उलटं बोलतो.

दिवस १५

सगळे पत्रे एकदा फिरून पाहिले. आपला एकही शिपाई पडलेला नाही. शत्रूचे ढीग. थोंगने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आपलं माणूस मेलेलं दिसता कामा नये."

युनशंग, माझा धाकटा भाऊ, याच लढाईला गेला होता. मेलेल्यांच्या यादीत नाही, परतलेल्यांतही नाही. बेपत्ता. म्हणून त्याच्या नावाची पाटी करता येत नाही, पुढे उदबत्ती लावता येत नाही. काही शिपाई पलीकडे फितूर झाले अशी कुजबुज होती. फितुराचं अख्खं घर उठवतात, म्हणून आम्ही चौकशीच्या वाटेला गेलो नाही.

वर्षाखेरीच्या जेवणाला आई त्याचा वाडगा मांडायची. गेली दोन वर्षं मांडत नाही. म्हातारी थकली, दुसरं काय.

दिवस २१

यातले खरे कैदी शहरात आणले, तेव्हा आईला घेऊन मी रस्त्यावर उभा होतो. दोन वर्षं झाली त्याला. गर्दी, धूळ, नगारे. मी कलिंगडाच्या भाजलेल्या बियांचा पुडा घेतला होता. बिया चांगल्या होत्या एवढं आठवतं. घरी आल्यावर आई दोन दिवस झोपून होती — ऊन लागलं.

तिसरा महिना, दिवस २

चित्रकाराने कैदी समोर बसवून काढलेत. चेहरे म्हणून वेगवेगळे, आणि म्हणून कटकट. मूळ चित्र आमच्यापर्यंत येत नाही. ते तेलकट कागदावर गिरवतात, कागद पालथा घालून पत्र्यावर उमटवतात. मला दिसतं ते तेवढंच.

तिसऱ्या रांगेतल्या सातव्याचा कान फाटलेला आहे. पत्रा खिडकीशी ओढला. युनशंगचा कान सहाव्या वर्षी गाढवाने फाडला होता. मग नीट पाहिलं — याचा उजवा. युनशंगचा डावा. स्वतःलाच हसलो आणि दुपारपर्यंत तो कोरून टाकला. कान छान जमला.

दिवस ११

कोरणं संपलं.

दिवस १९

पहिला छाप काढला. ओला कागद थोंगनेच उचलला, मला दाखवायला धरला.

डावा कान.

उमटलं की उलटतं, हे मी झोपेतही सांगेन. अक्षर रोज मनातल्या मनात सुलटं करतो. माणूस सुलटा करून पाहायचं सुचलं नाही! भुवया त्याच्या. जरा बाहेर आलेला खालचा ओठ त्याचा. त्या कैद्यांची डोकी मिरवणुकीनंतर उतरवली होती.

थोंग म्हणाला, "सुंदर उतरलंय. गप्प का?" डोळ्यात शाई गेली, म्हणालो.

दिवस २०

हे छाप सुभ्यासुभ्यात जाणार, आमच्याही. तिकडच्या कचेरीत आमच्या गावचा एक कारकून आहे, आणि गावात तो कान कोणाला माहीत नाही? कोणी ओळखला की आई आणि मी संपलो. मी भ्यालो आहे. तो पलीकडे का गेला असेल, हे मात्र अजून एकदाही मनात आलं नव्हतं. आत्ता लिहिताना आलं.

दिवस २२

थोंगला सांगितलं, तिसऱ्या रांगेत ओरखडा आहे, दुरुस्त करतो. संध्याकाळपर्यंत वेळ मिळाला. तांबं घासून सपाट करायची घोटणी कानावर टेकवली आणि बराच वेळ तशीच धरून बसलो. त्याचं दुसरं काहीच घरात नाही.

मग घोटला. पुन्हा साधा कान कोरला. आता तो कोणाचाच कोणी नाही. रडू आलं.

दिवस २३

आईला सांगितलं. ती राळे धूत होती, धूतच राहिली.

"मला माहीत आहे," म्हणाली. "आपल्यासमोरून जाताना त्याने मान वळवली होती. मी हाक मारली असती तर तुलाही नेलं असतं. तू बिया सोलत होतास."