चौकातला जागतिक फळा

३ ऑगस्ट १९९०, भडगाव

इराकने कुवेत गिळलं. रेडिओवर ऐकलं आणि चहा गार झाला तरी भान नव्हतं. ऑफिसात सांगितलं. एक कारकून 'बरं' म्हणाला, दुसऱ्याने विचारलं, पंखा का बंद आहे. या गावाला जगाचं काही म्हणजे काही पडलेलं नाही.

निश्चय: चौकातल्या वार्ताफलकावर उद्यापासून रोज जागतिक बातमी. खडू माझा, अक्षर माझं. वर्षभरात भडगाव जागं करतो.

५ ऑगस्ट

फळ्यावर नकाशासुद्धा काढला. मग समोर झुलालच्या चहाच्या टपरीवर बसून पाहिलं, कोण वाचतं. सलूनवाला भटू आला, खाली कुणाचा दहावा लिहिला होता तेवढा वाचून गेला. एकाने कुवेतवर बोट ठेवून विचारलं, केळीचा भाव हाच का. झुलालला तेलाचं राजकारण समजावायला घेतलं. तो म्हणे, भाऊ, कप मोकळा करा, गिऱ्हाईक उभं शे.

८ ऑगस्ट

वाचक मिळाला. मागच्या गल्लीतल्या वच्छलाबाई. वाचता येत नाही, पण फळ्यापुढे उभ्या राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारतात, काय लिखेल शे. मुलगा भिकन कुवेतला ड्रायव्हर आहे. पत्र नाही, काही नाही. म्हणजे भडगावचा थेट आखाताशी संबंध, आणि तो माझ्यामुळे उघडकीला आला.

त्यांना इराकची भूमिका सविस्तर सांगितली. त्यांनी विचारलं, मना भिकन जेवस का नही, ते लिखेल शे का. म्हटलं, कोणाचा मुलगा जेवला की नाही, इतकं बारीक पेपरात येत नाही.

१४ ऑगस्ट

इंग्रजी पेपर एसटीने उशिरा आला. पळतच फळ्याकडे. भारतीयांना आणायला विमानं निघाल्याची एक छोटी बातमीही होती, पण सुरक्षा परिषदेतच फळा भरला. वच्छलाबाई उभ्याच होत्या. म्हटलं, परिस्थिती गुंतागुंतीची आहे. मान हलवून गेल्या. शिकतायत हळूहळू.

२० ऑगस्ट, पोळा

फळ्याच्या खांबाला कुणीतरी बैल बांधला. झूल, शिंगांना बेगड, सगळा थाट. त्याने अंग घासून घासून सुरक्षा परिषद पुसून टाकली. लोक त्याला पुरणपोळी भरवत होते. पुरे झालं. यांना सौम्य भाषा कळतच नाही.

२१ ऑगस्ट

लाल खडू आणला. 'कुवेतमध्ये भारतीयांची अन्नान्नदशा! शेकडो बेपत्ता!' शेकडो हे पेपरात नव्हतं, पण एवढ्या गोंधळात तेवढे होणारच. काय गर्दी जमली! झुलालने गिऱ्हाईक सोडून वाचलं. वच्छलाबाईंनाही कुणीतरी वाचून दाखवलं. त्या तिथेच ओट्यावर बसल्या, बराच वेळ उठल्या नाहीत. जनजागृती म्हणतात ती हीच.

२२ ऑगस्ट

सकाळी फळा धुतलेला. ओला होता अजून. सगळ्यांना विचारलं, कोणी कबूल होईना. झुलाल तर माझ्याकडे बघेना. विचारस्वातंत्र्याची ही गत.

१ सप्टेंबर

वच्छलाबाई फिरकत नाहीत. जगाबद्दलचा उत्साह इतक्यात संपला. भटूचं दुकान बंद, स्वारी मुंबईला गेलीय म्हणे. जग पेटलंय आणि याला मौज सुचतेय. आमची ही रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडते. कुठे, ते विचारलं नाही. बायकांचं जग म्हणजे गल्ली.

९ सप्टेंबर

भिकन आला. वही-पेन घेऊन मुलाखतीला गेलो. घर माणसांनी भरलेलं, झुलालने किटली आणलेली. तिथे बसून बसून कळलं. त्या लाल अक्षरांनंतर वच्छलाबाईंनी अन्न सोडलं होतं. गल्लीतल्या बायका आळीपाळीने शेजारी बसून घास भरवत होत्या. फळा झुलालने धुतला. भटू विमानतळावर बसून राहिला, येणाऱ्या प्रत्येक विमानाला भिकनचं नाव विचारत, आणि त्याला घेऊनच परतला.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला सुरक्षा परिषदेचे सभासद तोंडपाठ होते.

स्वयंपाकघरात डोकावलो तर आमची ही. साखरेचा डबा तिने कुणालाही न विचारता काढला. हळूच म्हटलं, मला का नाही सांगितलंस. ती चहा गाळत म्हणाली, तुम्ही फळ्यावर लिहिलं असतं.

कान तापले. मागच्या दाराने निघावं म्हटलं, तर वच्छलाबाईंनी हाक मारली. भिकनला म्हणाल्या, हे भाऊ रोज तुझी खबर लिहायचे, पाया पड. तो वाकला. किती वाळलाय पोरगा. झुलाल बघत होता, भटू बघत होता. पाय मागे घ्यावेत असं फार वाटलं. घेतले नाहीत. वर सवयीने 'यशस्वी भव' म्हणून गेलो.