आहेस ना गं?

लाडक्या चिमे,

फोनवर "आमचं छान चाललंय" म्हणाले, ते अर्धंच खरं. सोमवारी तुझे बाबा घरामागची पाण्याची टाकी घासायला आत उतरले आणि शेवाळावरून घसरले. गुडघा असा दुखावला की वर चढता येईना. मी ओढायला गेले तर माझीच आत पडायची वेळ आली. मी जीव खाऊन ओरडले, पण शेजारचं घर शेतापलीकडे, ऐकणार कोण? शेवटी बादली पालथी घालून तेच कसेबसे वर आले. "पोरीला सांगू नकोस, उचलून शहरात नेईल," म्हणून हसले.

तेव्हापासून आठवडाभर मी त्यांची पाठ सोडलेली नाही. "शेपटासारखी काय मागे मागे?" म्हणून करवादतात.

आज मला आंघोळीला जरा वेळ लागला. दारावर टकटक झाली.

"आहेस ना गं?"

"आहे की. का हो?"

"काही नाही."

पण दाराखालच्या फटीतून त्यांची पावलं दिसत होती. मी मुद्दाम मोठ्यानं गुणगुणले, तरी ती हलली नाहीत.

हे पत्र पाठवणार नाही. तू खरंच न्यायला येशील, आणि या वेळी आम्ही दोघंही नाही म्हणणार नाही, याचीच भीती वाटते.

तुझी,
आई