बाकी चारशे

९ ऑगस्ट, सकाळ

चि. धाकटीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

तू खुशाल असशील. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायला बसलो आणि पेन अडलं. अण्णा मंगळवारी दुपारी गेले. खुर्चीत बसल्या बसल्याच. त्रास झाला नाही. तुला फोन करायचा धीर झाला नाही.

घर सोडताना तू त्यांना काय म्हणालीस, आठवतं? पुढे गणितच शिकायचं म्हणून तू हट्ट धरलास, ते नाही म्हणाले, तेव्हा दारात उभी राहून म्हणालीस, "अकरा वेळा एक लिहा. त्या संख्येला कशाने भाग जातो तेवढं सांगा, मग माझ्या शिक्षणावर बोला."

तू रागात बोललीस. त्यांनी मनावर घेतलं. लेथवर जन्म काढलेला, सातवी शिकलेला माणूस. ओळखीच्या मास्तरांकडून मूळ संख्यांची यादी उतरवून आणली आणि रोज एक भागाकार मांडायला लागले. तिनाने, साताने, तेराने. मी म्हणायचो, "अहो अण्णा, तिला नुसतं पत्र टाका." तर म्हणायचे, "उत्तर मिळू दे. रिकाम्या हाताने काय लिहू?"

अशी सहा-सात वर्षं गेली. एकदा ऑफिसात मी ती संख्या संगणकावर घातली. पापणी लवायच्या आत उत्तर आलं: २१६४९ गुणिले ५१३२३९. अण्णा तेव्हा एकवीस हजारांच्या पुढे पोचले होते. म्हटलं, त्यांनाच सापडू दे.

तो दिवस आला तेव्हा मी चहा घेऊन मुद्दाम त्यांच्या पाठीशी उभा राहिलो. पाच, एक, तीन, दोन, तीन बरोबर आले. शेवटच्या नवाच्या गुणाकारात हातचे चार मिळवायचे राहिले. बाकी चारशे.

"यानेही नाही जात," म्हणाले आणि वही मिटली.

मी म्हणालो, "उद्या बघू."

धाकटे, मला चूक दिसली होती. नुसतं बोट ठेवायचं होतं. पण उत्तर मिळालं असतं तर त्यांनी तुला लिहिलं असतं, तू आली असतीस, आणि तू घरात असलीस की मी कुणाला दिसत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

पुढे दोन वर्षं ते भागाकार करत राहिले. भागच जात नाही असं म्हणायलासुद्धा त्या संख्येच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे एक लाख पाच हजारांपर्यंत जावं लागतं. त्या वेगाने आणखी वीस वर्षं. त्यांना ते कळत होतं, तरी रोज मांडत होते.

सोमवारी म्हणाले, "माझ्याच्याने नाही झालं रे. तिला कळव, मी करून बघितलं."

तेव्हाही मी सांगितलं नाही. त्यांचा हात धरून बसलो आणि "कळवतो" म्हणालो.

ते आज कळवतो आहे. सत्तावीस वह्या आहेत, त्या तुझ्या. न्यायला ये. माझं तोंड बघायचं नसेल तर दिवस कळव, मी बाहेर जाईन.

असं लिहायचा हक्क उरला असेल तर,
तुझा दादा