सतरा फुटांचं स्वयंपाकघर

प्रिय अक्का,

पेपरातला माझा फोटो पाहून तू सुष्मिताला फोनवर चांगलंच फैलावर घेतलंस, हे कळलं. त्या बिचारीचा काय दोष? रस्त्यावर गुडघे टेकून बसलेला तिचा नवरा आहे, ती नाही. आईला जाऊन पाच आठवडे होत नाहीत तोच हा भर रस्त्यात रंग खेळतो, वर्षभर दारात कोलमची रांगोळी काढायची नसते एवढंही याला कळत नाही, आता वर्षश्राद्धाला मी येणार नाही, असं म्हणालीस. माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. इतकी वर्षं पुण्यात राहून तुझं मराठी झकपक झालंय. माझ्या तंजावरी मराठीला हसायचं तर हस, पण शेवटपर्यंत वाच.

आधी कोलमचं. दाराशी आम्ही एक ठिपकासुद्धा काढलेला नाही. मार्गळी महिन्यात आमच्या अख्ख्या नंगनल्लूरच्या दारांत चढाओढ चालली होती आणि आपलाच उंबरा कोरा. समोरच्या जननी मामी स्वतःचं कोलम झालं की आपल्या दाराकडे बघायच्या आणि गुपचूप आत जायच्या. मी काढलं ते खडूचं चित्र, बेझंट नगरला समुद्राजवळ, रविवारी गाड्या बंद ठेवल्या होत्या तिथे. तू म्हणशील, त्यात फरक काय?

तुला या कामाची कल्पना नाही. असलं चित्र एकाच जागेवरून खरं दिसतं. तिथे टेपची फुली मारायची. चित्रातला फुलीजवळचा डबा वीतभर काढला, तर लांबचा तेवढाच डबा हातभर ताणावा लागतो. काढणारा ओणवा, त्याला सगळं वेडंवाकडंच दिसणार. म्हणून फुलीवर कुणीतरी बसून सांगावं लागतं, आणि गच्चीवरच्या सरावात ते काम आईचं. प्लास्टिकची खुर्ची टाकून, एक डोळा मिटून बसायची. चित्र असं, की रस्ता उघडलाय आणि खाली आपलं तंजावरचं स्वयंपाकघर दिसतंय, फळीवर पितळी भांडी, कॉफीचा फिल्टर. सतरा फूट लांब. फिल्टर दारू प्यायल्यासारखा कललाय म्हणून तिने मला तो तीनदा पुसायला लावला. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात मी दिवसभर लोकांचे सुटे भाग मोजून नापास करतो, आणि घरी आई मला नापास करायची. काय खुशीत असायची गं!

त्या रविवारी सकाळी सहाला रस्ता झाडला, ओल्या फडक्याने पुसला, दोऱ्यांनी चौकोन आखले. डांबर खडू खातं. तळहाताने रगडून जिरवावा लागतो, दुपारपर्यंत हाताची सालं निघाली. बक्षीस मिळालं नाही. सगळं माप आईच्या बसल्या उंचीचं होतं, त्यामुळे लोकांना वाकून बघावं लागलं. बदलता आलं असतं, मी बदललं नाही. संध्याकाळी पाण्याचा टँकर आला आणि रस्ता धुऊन गेला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आई गेली त्या शनिवारी डॉक्टर म्हणाले होते, सोमवारी घरी न्या. दुपारी वॉर्डात कुणाला बसू देत नाहीत, म्हणून मी गच्चीवर सरावाला गेलो. सव्वातीनला फोन वाजला. हात मनगटापर्यंत निळे होते. वाटलं, एवढी फळी रगडून होऊ दे, मग हात धुऊन करतो. पुन्हा वाजला. मी मान वर केली नाही. चारला फोन केला तेव्हा सिस्टर म्हणाली, लगेच या. मी पोचेपर्यंत संपलं होतं. तुला मी सांगितलं, झोपेत गेली, काही बोलली नाही. ते खोटं होतं, अक्का. ती जागी होती. तिला तुझ्याशी बोलायचं होतं. तुझा नंबर तिथे कुणाकडे नव्हता, तो माझ्याकडून घ्यायला सिस्टर फोन करत होती. काय बोलायचं होतं ते आईने तिला सांगितलं नाही, मी विचारलं. हे अजून सुष्मितालाही ठाऊक नाही. मग चित्र तरी का काढलंस, विचारशील. ते तसंच सोडून दिलं असतं, तर फोन उचलला नाही तो कशासाठी? मला फार लाज वाटते. श्राद्धाला यायचं नसेल तर येऊ नकोस, पण ते कोलमसाठी नको. मी न उचललेल्या त्या फोनसाठी येऊ नकोस.

तुझाच,
गिरीधर